मेहनतीचा हिशेब

सोमाटणे फाट्याजवळचे परंदवडी घ्या किंवा पवन मावळातले दुसरे कोणतेही गाव घ्या. आठवी-नववीतला एखादा मुलगा अचानक ताडमाड वाढला, की त्याच्या उंचीचे दोन अर्थ लावले जातात. पहिला अर्थ शाळेतले क्रीडाशिक्षक लावतात : याला बास्केटबॉलला घ्यायचा. दुसरा अर्थ वर्षभराने घरचे लावतात : पोरगा नुसताच वाढला, हाडात दम नाही. या दोहोंच्या मधल्या काळात नडगी किंवा पायाचा पंजा दुखायला लागलेला असतो, तेलाने चोळून झालेले असते, क्रेप बँडेज बांधून चार सामने खेळून झालेले असतात आणि शेवटी एमआरआयमध्ये हाडाला बारीक चीर सापडते. डॉक्टर तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. कुठे पडणे नाही, कोणाची धडक नाही, तरी हाड मोडले, म्हणजे दोष हाडाचाच, आणि हाड लांब म्हणून दोष उंचीचा, असा सरळ निष्कर्ष निघतो. माझ्या मते तो चुकीचा आहे. या दुखापतीचा इतिहास पाहिला तर ती उंच मुलांची मक्तेदारी कधीच नव्हती. हाडावरचा भार किती वेगाने वाढवायचा याचा हिशेब जिथे कोणी ठेवला नाही, तिथे ती झाली. ज्याने ठेवला त्याच्याकडे ती कमी झाली. गंमत अशी, की हा हिशेब शिकवू शकणाऱ्या जागा लोणावळ्यापासून पुण्यापर्यंत एकाच रस्त्याच्या आजूबाजूला आहेत आणि परंदवडी त्या रस्त्याला लागूनच आहे.

या दुखापतीची पहिली नोंद खेळाच्या मैदानावर झाली नाही, ती फौजेत झाली. १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने लांब कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पंजांचे वर्णन केले. मार लागल्याची खूण नाही, तरी पाय टेकवत नाही, हे त्याला कोडे होते. आतल्या मऊ भागांना सूज आली असावी असा त्याचा तर्क होता. त्याच्याकडे हाड पाहण्याचे साधनच नव्हते. रंटगेनने १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, श्टेखो या जर्मन लष्करी डॉक्टरने दाखवून दिले, की या शिपायांच्या पंजातली लांब हाडे मोडलेली आहेत. तेव्हापासून या दुखण्याला मार्च फ्रॅक्चर म्हणजे कूच करून झालेले फ्रॅक्चर म्हणू लागले. त्याच दशकात, १८९२ मध्ये, बर्लिनच्या युलिउस वोल्फने हाड त्याच्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे आपली घडण बदलते असा सिद्धांत मांडला होता. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की कोडे सुटते. भार वाढला की हाड स्वतःला मजबूत करते हे खरे, पण ते आधी थकलेला भाग पोखरून काढते आणि मग तिथे नवे हाड भरते. पोखरण्याचे काम काही आठवड्यांत उरकते, भरण्याला काही महिने लागतात. मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा कच्चे असते. भाताच्या खाचराचा बांध नव्याने घातला आणि माती ओली असतानाच पाणी तुंबवले तर जे होते, तेच इथे होते. म्हणून नव्या सरावाच्या पहिल्या दिवशी हाड मोडत नाही, ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर मोडते. आणि तोवर 'याला आता सवय झाली' असे सगळ्यांनी ठरवलेले असते.

फौजेने हा धडा सहज शिकला असे मात्र नाही. इस्रायली सैन्यातल्या, १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २९५ नव्या शिपायांवर प्रशिक्षणभर लक्ष ठेवले, तर त्यांतल्या ३१ टक्क्यांना स्ट्रेस फ्रॅक्चर झालेले आढळले. त्याआधी असे आकडे कोणाला खरे वाटले नसते, कारण दुखणे लपवणारा शिपाई नोंदीत येतच नव्हता. पुढची वीस-पंचवीस वर्षे त्या सैन्याचे डॉक्टर बूट बदलून, आतले तळवे बदलून पाहत राहिले. सर्वांत मोठा फरक पडला तो मात्र दोन साध्या गोष्टींनी : रात्री किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि एकूण चाल कमी केली. आपल्या विषयाला जवळचा निष्कर्ष त्याच संशोधकांनी २००० मध्ये मांडला. भरतीपूर्वी किमान दोन वर्षे जे तरुण नियमित चेंडूचे खेळ, प्रामुख्याने बास्केटबॉल, खेळत होते, त्यांच्यात स्ट्रेस फ्रॅक्चरचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच कमी भरले. ज्या खेळावर आपण हाडे मोडल्याचा आळ घेतो, तोच खेळ वर्षानुवर्षे बेताने खेळलेल्यांची हाडे वाचवत होता. आपल्याकडेही हा प्रश्न परका नाही. लोणावळ्याला नौदलाचे आयएनएस शिवाजी १९४५ पासून आहे, पुण्यात सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून आणि खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी १९५५ पासून. कोवळ्या वयाच्या मुलांना थोड्या काळात कणखर करणे हेच प्रबोधिनीसारख्या संस्थांचे काम, आणि भारतीय लष्करी डॉक्टरांनी आपल्या रिक्रूटांच्या स्ट्रेस फ्रॅक्चरवर वारंवार लिहिले आहे. हे लेखन शाळेच्या मैदानापर्यंत आले नाही, एवढेच.

फौजेच्या आधी हा हिशेब आपल्याकडे आणखी एका जागी होता, तालमीत. मावळात गावोगाव जत्रा भरते आणि जत्रेला कुस्त्यांचे मैदान होते. त्या मैदानासाठी पोरे वर्षभर तालमीत घाम गाळत. तालमीत नव्याने आलेल्या पोराला पहिल्या दिवशी कोणी लढायला उतरवत नसे. आधी हौद्याची माती खणायची, ती चाळायची, थोरल्या पैलवानांचे अंग रगडायचे, मग मोजके जोर, मोजक्या बैठका. आकडा किती आणि कधी वाढवायचा हे पोराने ठरवायचे नसे, ते वस्ताद ठरवी. खुराक काय, झोप किती, जत्रेच्या आधी मेहनत कधी सोडायची हेही त्याच्याच हाती. या साऱ्या परंपरेचे दस्तऐवजीकरण बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाच्या दहा खंडांत केले. ते खंड १९३६ ते १९४९ या काळात निघाले आणि मराठीत एवढे मोठे काम या विषयावर दुसरे झालेले नाही. वस्तादाला हाडातल्या पेशी ठाऊक नव्हत्या. पण एका पोराची सगळी मेहनत एकाच माणसाच्या नजरेखाली होती, आणि हिशेबाला लागते ती मुख्य गोष्ट हीच.

इथे कोणी म्हणेल, की जुने ते सोने म्हणण्याची ही आणखी एक तऱ्हा झाली. आक्षेपात तथ्य आहे. तालमीतून दुखावून घरी बसलेल्या पोरांची नोंद कोणत्याच वहीत नाही; आपल्याला आठवतात ते फक्त गदा घेऊन परतलेले. हजार बैठकांच्या अभिमानाने किती गुडघे निकामी झाले, हे विचारण्याची पद्धत नव्हती. शिवाय कुस्ती मऊ मातीत होते, तिच्यात वारंवार उंच उडी मारून कठीण जमिनीवर उतरायचे नसते, त्यामुळे पैलवानाच्या नडगीवरून बास्केटबॉलपटूच्या नडगीबद्दल फार काही सांगता येत नाही. म्हणून तालमीकडून आकडे घेऊ नयेत, रचना घ्यावी. परंपरेची परीक्षा कशी घ्यायची याचा नमुनाही मावळातच आहे. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली तयार झालेल्या जगन्नाथ गणेश गुणे यांनी, म्हणजे स्वामी कुवलयानंदांनी, १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली या योगक्रिया करताना पोटात नेमके काय घडते, हे पाहण्यासाठी त्यांनी क्ष-किरणांचा वापर केला. गुरूने सांगितले म्हणून खरे, असे न म्हणता शरीराला विचारून पाहायचे, ही त्यांची रीत होती. योगाच्या बाबतीत तिचे कौतुक आपण शंभर वर्षे करत आहोत. खेळाच्या सरावाला ती कोणी लावली नाही.

लावायची संधी होती. कुवलयानंद १९३७ च्या सुमारास मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षण समितीचे अध्यक्ष होते आणि त्यानंतर कांदिवलीला शारीरिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाची संस्था निघाली. शाळेत व्यायाम आला, शिक्षक आले, तास आला. मात्र वस्तादाच्या नजरेखाली वीस पोरे असतील, तर शाळेतल्या एका शिक्षकासमोर शेकडो. त्याला प्रत्येकाची मेहनत लक्षात ठेवणे शक्य नव्हते, आणि कवायतीत त्याची गरजही फारशी नव्हती. बास्केटबॉल या चौकटीत शिरला. जेम्स नेस्मिथने १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला हिवाळ्यात बंद खोलीत खेळण्यासाठी तो शोधला. वायएमसीएच्या माणसांनी तो जगभर नेला. १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी मद्रासला काढलेल्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून तो भारतभर पसरला आणि मुंबईत नागपाड्याच्या गल्ल्यांनी तो आपलासा केला. एक योगायोग सांगण्यासारखा आहे. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक हुतूतू आणि देशी व्यायाम दाखवायला तिथे गेले होते, आणि तिथेच बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये खेळला जात होता, तोही उघड्यावर, मातीच्या मैदानात. अंतिम सामन्यात पाऊस पडून चिखल झाला आणि अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरवले. चेंडू उसळतच नव्हता. नंतर हा खेळ मातीवरून उठला आणि आपल्या शाळांत सिमेंटवर जाऊन बसला, कारण सिमेंटला देखभाल लागत नाही. जमिनीच्या कठीणपणाला सगळा दोष देणाऱ्यांशी मी सहमत नाही, पण एवढे तरी खरे, की मातीत न कळणारी चूक सिमेंटवर लवकर कळते.

खरी गडबड १९९० नंतर झाली, आणि ती चांगल्या हेतूने झाली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचे संकुल उभे राहिले, १९९६ मध्ये राज्याची क्रीडाप्रबोधिनी योजना आली, निवडचाचण्यांत उंची, वजन, उडी, धाव मोजण्याची पद्धत रुळली. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळू लागले. या सगळ्याचा फायदा खेड्यातल्या मुलांना झाला, यात शंका नाही. पण उंच मुलाचे काय झाले ते पाहा. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी चालतात आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून पुढच्या काही महिन्यांत दाटीवाटीने उरकतात. उंच मुलगा आपल्या गटात तर खेळतोच, वरच्या गटालाही तो हवा असतो. शाळेचे सर, क्लबचे प्रशिक्षक, जिल्हा संघाचे शिबिर, या तिघांकडे त्याचा सराव वेगवेगळा होतो आणि तिघांच्या वह्या एकमेकांना कधी भेटत नाहीत. एप्रिलात परीक्षा असते म्हणून दोन महिने खेळ बंद; परीक्षा संपताच उन्हाळी शिबिर, सकाळ-संध्याकाळ दोन सत्रे. हाडाच्या दृष्टीने याहून वाईट वेळापत्रक ठरवून आखले तरी आखता येणार नाही. आणि त्या शिबिरानंतर महिन्याभराने नडगी दुखली, की आपण म्हणतो, उंच आहे ना.

उंचीचा पक्ष मांडणाऱ्यांकडे वजनदार पुरावा आहे, तो टाळून चालणार नाही. गॅलिलिओने १६३८ मध्येच सांगून ठेवले, की आकार वाढला की वजन घनाच्या प्रमाणात वाढते आणि हाडाचा छेद वर्गाच्या प्रमाणात. म्हणून मोठ्या प्राण्याचे हाड नुसते लांब असून भागत नाही, ते प्रमाणाबाहेर जाड असावे लागते. बास्केटबॉलचा इतिहास याची साक्ष देतो असे वाटते. अमेरिकन खेळाडू बिल वॉल्टनचा पाय १९७८ मध्ये मोडला आणि पुढचा अख्खा हंगाम गेला. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या, म्हणजे एनबीएच्या, १९८४ च्या निवडीत मायकेल जॉर्डनच्या आधी निवडलेल्या सॅम बोवीची नडगी पुन्हापुन्हा मोडली. २०१४ मध्ये जोएल एम्बीडच्या पंजातल्या नॅव्हिक्युलर या हाडाची शस्त्रक्रिया झाली. २.२९ मीटर उंचीचा चीनचा याओ मिंग तर तिशीतच, २०११ मध्ये, निवृत्त झाला. पण याओचे वेळापत्रक पाहा. अमेरिकेतला हंगाम संपला की उन्हाळ्यात तो चीनच्या राष्ट्रीय संघात. फेब्रुवारी २००८ मध्ये डाव्या पायाला स्ट्रेस फ्रॅक्चर झाले आणि ऑगस्टमध्ये तो बीजिंग ऑलिंपिकमध्ये खेळत होता. २००९ मध्ये तोच पाय पुन्हा गेला. याउलट २.२१ मीटर उंचीचा लिथुआनियाचा झिड्रुनास इल्गाउस्कास. १९९६ ते २००१ या काळात त्याचा पंजा इतक्यांदा मोडला, की त्याची कारकीर्द संपली असे सगळे धरून चालले. मग पायाच्या घडणीतच बदल करणारी शस्त्रक्रिया झाली, भार वेगळ्या तऱ्हेने वाटला गेला, आणि हाच माणूस पुढे जवळजवळ दहा वर्षे खेळला. उंची तीच होती. उंचीमुळे चुकीला वाव कमी राहतो, हे मान्य. पण चूक उंची करत नाही. नाहीतर प्रशियाच्या शिपायांचे, लांब पल्ल्याच्या काटक धावपटूंचे आणि नर्तकांचे पाय का मोडले असते? पंजाच्या पाचव्या हाडाचे जे फ्रॅक्चर आज बास्केटबॉलपटूंच्या नावावर लागते, ते १९०२ मध्ये रॉबर्ट जोन्स या ब्रिटिश शल्यवैद्याने वर्णिले, आणि त्याला ते स्वतःला नाचताना झाले होते.

मुलांच्या बाबतीत एक बाब मात्र खास आहे, आणि ती उंचीची नसून उंची वाढण्याच्या वेगाची आहे. मुली साधारण बाराव्या वर्षी आणि मुलगे चौदाव्या वर्षी सर्वांत झपाट्याने वाढतात. हाडाची लांबी आधी वाढते, त्यात खनिज भरण्याचा वेग त्यानंतर काही महिन्यांनी शिगेला पोहोचतो. कॅनडातल्या सस्कॅचवान येथील दीर्घ अभ्यासात दिसले, की प्रौढ हाडातल्या एकूण खनिजाचा जवळपास चौथा हिस्सा या शिगेच्या आसपासच्या दोन वर्षांतच जमा होतो. म्हणजे ज्या वर्षी मुलगा निवडसमितीच्या नजरेत भरतो, नेमके तेच वर्ष हाडाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक आणि सर्वांत मोलाचे असते. गुडघ्याखालच्या दुखऱ्या उंचवट्याचे वर्णन ऑस्गूड आणि श्लाटर यांनी १९०३ मध्ये स्वतंत्रपणे केले, टाचेच्या दुखण्याचे सीव्हरने १९१२ मध्ये. दोन्ही दुखणी याच वयाची. हे ज्ञान शंभर वर्षांहून जुने आहे, आणि त्यासाठी लागणारे उपकरण भिंतीवर पेन्सिलने मारलेली खूण एवढेच आहे.

आहाराचा मुद्दा पुढे करणारेही भेटतात, आणि ते पूर्ण चूक नाहीत. मावळ भाताचा मुलूख. वडगावच्या कृषी संशोधन केंद्राने दिलेला इंद्रायणी आज घरोघर आहे, पण डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतली नाचणी ताटातून मागे पडली. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, पांढऱ्या भातात नावापुरते. पुण्याच्या जहांगीर रुग्णालयाशी संलग्न हिराबाई कावसजी जहांगीर संशोधन संस्थेने मुलांच्या हाडांवर आणि ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेवर बरेच काम केले आहे. नाचणी खावी, उन्हात खेळावे, तपासणी करावी. पण याओ मिंगला कॅल्शियम कमी पडत होते असे कोणी म्हणणार नाही. चांगला खुराक हाडाला सामान पुरवतो, वेळ पुरवत नाही.

शेवटचा आक्षेप प्रशिक्षकांचा, आणि तो सर्वांत मनापासूनचा असतो : इतके जपले तर खेळाडू घडणार कसा? उत्तर वर येऊन गेले आहे. वर्षानुवर्षे बेताने खेळलेल्यांची हाडे फौजेतही टिकली. शिकागोच्या नीरू जयंती यांनी २०१५ मध्ये बाराशेच्या आसपास मुलामुलींचा अभ्यास मांडला; आठवड्यातले सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त झाले की अतिवापराच्या गंभीर दुखापतींचा धोका वाढतो, असे त्यात आढळले. म्हणजे चौदा वर्षांच्या मुलाला सगळे मिळून चौदा तास, शाळा, क्लब, शिबिर सारे धरून. २०१६ मध्ये खुद्द एनबीए आणि अमेरिकेच्या बास्केटबॉल संघटनेने मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि चौदा वर्षांआधी एकाच खेळाला जुंपू नका असे सांगितले. व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक पैसा मिळवणाऱ्यांनाच हे पटले असेल, तर एका राज्यस्तरीय प्रमाणपत्रासाठी आपण घाई करण्यात शहाणपण नाही.

तेव्हा क्रीडाशिक्षकांना आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाला एकच मागणे आहे. स्पर्धेच्या प्रवेशिकेत जन्मतारीख विचारता, तिच्या शेजारी दोन रकाने वाढवा : गेल्या सहा महिन्यांत उंची किती वाढली आणि सध्या सगळीकडचे मिळून आठवड्याला किती तास खेळतो. ज्याची उंची झपाट्याने वाढते आहे त्याच्या उड्या त्या काळात कमी करा, एका वेळी एकाच गटात खेळवा, सुट्टीनंतरचा पहिला महिना अर्ध्या सरावाचा ठेवा. नडगीवर किंवा पंजावर एकाच बिंदूवर बोट ठेवून मुलगा 'इथेच दुखते' म्हणाला, एका पायावर उडी मारताना कळवळला, तर तेल चोळू नका, बँडेज बांधून मैदानात पाठवू नका. हाडांच्या डॉक्टरकडे न्या, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेत ही चीर बहुधा दिसत नाही, हे लक्षात ठेवा.